परिचारिकेच्या चार स्लाइड

एकदा एक वृद्ध चित्रकलाशिक्षक निवृत्तीनंतर एका रुग्णालयात सेवाभावाने येऊ लागले. ज्यांना रेषेचा आणि रंगाचा गंध नाही, अशा कर्मचाऱ्यांची सादरीकरणे ते सुबक करून देत. संगणकात निपुण अशी एक शिष्या त्यांच्या हाताखाली होती.

एके दिवशी तेथील एक परिचारिका त्यांच्याकडे आली. तिचे गाव धरणाच्या जलाशयापलीकडे होते. गावात दवाखान्याची एक खोली उघडावी आणि आपली नेमणूक तेथे व्हावी, ही तिची नऊ वर्षांची आस. रुग्णालयाच्या विश्वस्तांनी सभेत म्हणणे मांडायला तिला दहा मिनिटे दिली होती. नकार मिळाला, तर हा विषय पुन्हा निघणार नव्हता.

तिने स्वतः केलेल्या बावीस स्लाइड गुरुजींनी पाहिल्या.

“सिस्टर, ही अक्षरं उड्या मारीत येतात. विश्वस्तांनी ती वाचायची, की झेलायची?”

परिचारिका ओशाळली. “गुरुजी, मला तेवढंच एक बटण सापडलं.”

शिष्येने दोन दिवस खपून त्या बावीसही स्लाइड देखण्या केल्या. परंतु सराव करताना परिचारिका श्रोत्यांकडे पाठ करून पडद्यावरचे वाचू लागली. तिचा आवाज परका वाटू लागला.

गुरुजींनी संगणक मिटला. “आता नुसतं सांगा.”

ती सांगू लागली. आठवड्यातून दोनदा जलाशय ओलांडणारी लाँच, तापाने फणफणलेली मुले, काठावर लाँचची वाट पाहत राहिलेले आजारी वडील, पलीकडे आता एकटी राहणारी आई. बोलता बोलता ती मध्येच थांबे. ती थांबली, की गुरुजी खडूचा एक तुकडा टेबलावर ठेवीत. अखेरीस तेथे चार तुकडे झाले.

“या चार जागी एकेक स्लाइड ठेव,” ते शिष्येला म्हणाले, “बाकीच्या काढून टाक.”

“गुरुजी, अठरा टाकून द्यायच्या? माझे दोन दिवस गेले त्यांत!”

“जाऊ देत. मुली, तू पडदा इतका सजवलास, की सिस्टर त्याच्यामागे दिसेनाशा झाल्या. ज्याला आपली नड ठाऊक आहे, त्याला ती सांगता येते. काही ठिकाणी मात्र शब्द अपुरे पडतात, कंठ दाटतो. आपलं कसब तेवढ्या जागी हात देण्यासाठी. त्यांच्या वतीने आपणच बोलू लागलो, तर त्यांची तळमळ सभेपर्यंत पोहोचायची कशी?”

शिष्येने चार स्लाइड केल्या. प्रत्येकीवर एकच गोष्ट, भोवती भरपूर मोकळी जागा.

सभेत परिचारिका श्रोत्यांकडे पाहून बोलली. तिसऱ्या ठिकाणी तिचा आवाज खरोखरच बुडाला. तेव्हा पडद्यावर काठाशी टेकवलेली एक बाज होती, बाजेवर तिचे आजारी वडील, आणि समोर नुसते पाणी. कोणीही तिला घाई केली नाही. ती सावरली आणि पुढे बोलू लागली.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, “खोली देऊ हो, बाई. पण तिथं राहणार कोण? आम्ही पाठवलेली माणसं दोन महिन्यांत परत येतात.”

शिष्येचा हात सवयीने पुढची स्लाइड काढण्यासाठी सरसावला. पुढे काहीच नव्हते.

“मी राहीन,” परिचारिका म्हणाली.

शिष्येने हात मागे घेतला, आणि इतर सर्वांबरोबर तीही त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.