लायक बाळ, नालायक बाळ

राजा तोलसेनानं गादीवर बसताना गरिबांना शब्द दिला होता, की पेठेत पाळणाघर काढीन. बाया कामाला जातील, त्यांच्या तान्ह्यांना तिथं पाळणा मिळेल, दूध मिळेल. पाळणाघर निघालं! आणि लगेच नगरशेठ मोहरचंदांच्या पोटात दुखायला लागलं.

“महाराज, आमच्या करातून कुणाचीही पोरं पोसायची? गरजूंची पोसा. फुकट्यांची कशाला?”

“तुमचंही बरोबर आहे,” राजा म्हणाला. राजाला सगळ्यांचंच बरोबर वाटायचं. सकाळी गरिबांचं, दुपारी शेठजींचं, आणि संध्याकाळी जो भेटेल त्याचं.

प्रधान विचारराव राजाच्या कानाशी लागले. “महाराज, शेठजींना जपा. गरीब काय, आपलेच आहेत. नाराज होऊन जाणार कुठं?”

झालं! दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली, ‘लायक बाळ कुठलं आणि नालायक कुठलं, हे ओळखायची कसोटी हवी! एकही नालायक आत येता कामा नये, एकही लायक बाहेर राहता कामा नये, आणि कुणी नाराजही होता कामा नये! राजपुत्राच्या बारशापर्यंत कसोटी मिळाली नाही, तर पाळणाघराला कुलूप!’

शहाण्यांची समिती बसली. बसली ती बसलीच. तिनं खूप विचार करून एवढंच ठरवलं, की आणखी एक समिती नेमावी.

इकडे गोजराच्या तोंडचं पाणी पळालं. गोजरा राजवाड्यात राणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायची. तिची स्वतःची तान्ही मात्र पेठेतल्या पाळण्यात. कुलूप लागलं तर पोरीला ठेवायचं कुठं? चुलीपाशी? की विहिरीच्या काठावर? राजपुत्राच्या टाळूवर तेल थापताना तिचा जीव पेठेत असायचा. त्यानं ट्यॅहां केलं, की हिला पान्हा फुटायचा.

त्या राज्यात एक रीत होती. बारसं होईपर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. जुनेरंच हवं, मऊ, विटकं, ठिगळाचं. मग ते बाळ राजाचं का असेना! आणि तोवर बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं डोकावायचंही नाही, बाप असो की आजोबा.

गोजराला सुचलं ते याच रितीवरून. तिनं राणीच्या कानात काहीतरी सांगितलं. शेठजींची सूनही नुकतीच बाळंत झाली होती, तिलाही गोजराच न्हाऊ घालायची. तिच्याही कानात सांगितलं. दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

बारशाच्या सकाळी गोजरा दरबारात उभी राहिली.

“महाराज, कसोटी आणलीय!”

“समितीला जमलं नाही ते तुला जमणार?” प्रधान म्हणाले.

“समितीला घाई नव्हती, प्रधानजी. मला आहे. माझी पोर आत्ता उठेल.”

तिनं सतरंजीवर ओळीनं तान्ही बाळं निजवली. सगळीच जुनेऱ्यात. “शेठजी, लायक-नालायक तुम्हीच निवडा. तुमची नजर तीच कसोटी!”

शेठजी फुलले. पहिल्याच बाळाला पाहून त्यांनी नाक मुरडलं. “हे बघा ढोंग! कापडाला ठिगळं आणि अंग लोण्याच्या गोळ्यासारखं! काम ना धंदा, नुसतं लोळतंय. याचा बाप काय करतो गं?”

“काही नाही हो. दिवसभर बसून असतो.”

“वाटलंच! ऐतखाऊ! नालायक! काढा याला!”

प्रधानांनी मान डोलावली. राजा म्हणाला, “बरोबर आहे.”

शेठजी पुढच्या बाळापाशी थांबले. हे अगदी किरकोळ, सुरकुतलेलं. “अरेरे! याला म्हणतात खरा गरजू! आईला खायला मिळत नाही वाटतं?”

“मिळतो ना, डिंकाचा लाडू. पण सासरा कुलपात ठेवतो, आणि रोज अर्धा काढून देतो.”

“शिव शिव! कोण तो निर्दयी? त्याला चाबकानं फोडा! हे बाळ लायक!”

एवढ्यात आतून राणी आली. तिनं पहिलं बाळ उचललं आणि म्हणाली, “चल रे नालायका, तुझं बारसं आहे!”

मागोमाग शेठजींची सून आली. तिनं लायक बाळ कडेवर घेतलं आणि सासऱ्याकडे बघून खाली मान घातली.

शेठजींच्या पगडीखालून घाम निथळायला लागला.

राजा म्हणाला, “गोजरा, मी दिवसभर नुसता बसून असतो?”

“नुसते कुठं, महाराज? दोन्हीकडचं ऐकत बसता!”

राजाचं तोंड लाल झालं. आणि मग तो असा हसला, की त्याचा मुकुट कानावर आला!

“अगं, पण कसोटी कुठाय?”

“साधी आहे, महाराज. जो पाळण्यात मावेल तो लायक. जो मावणार नाही तो नालायक. शेठजी, तुम्ही मावत नाही! म्हणजे एकही नालायक आत आला नाही, आणि एकही लायक बाहेर राहिला नाही.”

प्रधान पुटपुटले, “पण शेठजी नाराज झाले तर...”

“होऊ द्या की, प्रधानजी! एवढी पेढी सोडून जाणार कुठं?”

राजा पुन्हा हसत सुटला. “माग, काय हवं ते माग!”

“मला काही नको. राजपुत्राचा पाळणा तेवढा आमच्या रांगेत टांगा. रोज दुपारी तो तिथंच निजेल. मग बघते, कुलूप कोण लावतो ते!”

“दिला!” राजा म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्यानं दुसऱ्या बाजूला काय वाटतं ते विचारलं नाही.

गोजरा लेकीकडे पळत निघाली. मागून शेठजी धापा टाकत आले. “अगं गोजराबाई, थांब! आमच्या नातवाला खिडकीजवळचा पाळणा मिळेल का?”

“मावतोय ना? मग आणा की!”