आग-घोड्याच्या वर्षाचे चित्र

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक खार राहत असे. आपली झुपकेदार शेपटी रंगात बुडवून ती चित्रे काढी. गेरू, चुनखडी, कोळसा आणि पळसाच्या फुलांचा रस, एवढेच तिचे रंग. पण तिने काढलेली मुंगी खरी समजून एकदा एका सरड्याने झाडाची साल चाटली होती.

त्या जंगलाची एक पद्धत होती. दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून, दूर चीन देशाकडून करकोचे येत आणि थंडी ओसरली की परत जात. निघताना ते तिकडच्या गणतीप्रमाणे नव्या वर्षाचे नाव सांगत. मुलांनो, तिकडे बारा प्राण्यांची नावे वर्षांना क्रमाने देतात. शिवाय प्रत्येक वर्षाला एक तत्त्व असते. लाकूड, आग, माती, धातू, पाणी ही ती पाच तत्त्वे. एकेक तत्त्व लागोपाठ दोन वर्षे चालते. प्राणी आणि तत्त्व यांची तीच जोडी पुन्हा यायला साठ वर्षे लागतात. "नुसतं नाव विसराल," करकोच्यांनी पहिल्याच वर्षी बजावले होते. "चित्र काढत जा. चित्रात प्राणी दिसू दे, आणि तत्त्व कसं वागतं तेही दिसू दे. बघणाऱ्याला सावध होता आलं पाहिजे." म्हणून पाणवठ्याजवळच्या कातळावर दर वर्षी एक चित्र रंगवले जाई. जुन्या चित्रावर पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा आणि त्यावर नवे काढायचे. चित्र निवडायला तीन ज्येष्ठ पंच होते : कासव, मोर आणि वानर.

त्या साली करकोचे सांगून गेले, "आग-घोडा."

आधीचे आग-घोड्याचे वर्ष पाहिलेले जंगलात एकटे कासवच उरले होते. चित्रांची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली होती. खार त्याच्याकडे गेली. "आजोबा, कसं गेलं होतं हो ते वर्ष?"

कासवाने मान थोडी आत घेतली. "चांगलं गेलं. पळस फार फुलला होता."

खारीला ते पटले नाही. गुराख्यांच्या शेकोटीतली ठिणगी वाळल्या गवतात पडली की काय होते, हे तिने झाडावरून पाहिले होते. तिने सावरीच्या सालीवर चित्र काढले : घोडा मान खाली घालून नाल्याकडे धावतो आहे, त्याच्या मागे गवत पेटले आहे, आणि छोटी जनावरे नाल्याच्या पलीकडे उभी आहेत. दुसरे चित्र होते मोराच्या भाच्याचे. त्यात घोडा दोन पायांवर नाचत होता आणि त्याच्या आयाळीत ज्वाळांच्या जागी पळसाची फुले होती.

"बाप रे!" खारीचे चित्र पाहून वानर म्हणाला. "हे चित्र म्हणायचं की शाप?"

"वर्षभर पाणी पिताना हेच बघायचं का आम्ही?" मोराने पिसारा सावरला. "पोरं दचकून उठतील."

"उठली तर पळतील तरी!" खार म्हणाली.

"एवढीशी शेपटी आणि केवढा तो वणवा," वानर हसला. "आमच्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत वाटतं तू?"

खारीने कासवाकडे पाहिले. कासव बराच वेळ दोन्ही चित्रे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, हात चांगला आहे तुझा. पण काळा रंग फार झालाय. पुढच्या वर्षी बघू. यंदा फुलांचा घोडा घेऊ. कातळावर मात्र तूच काढ, बरं का. तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

आणि खारीने तो काढला. दात खात काढला, पण काढला. तो इतका सुंदर उतरला की मधमाश्या फुलांवर बसायला आल्या.

नाल्याच्या अलीकडे, कमरेएवढ्या वाळल्या गवतात एक सशीण राहत असे. तिला नुकतीच तीन पिल्ले झाली होती. खार तिच्याकडे गेली. "ताई, पिल्लांना नाल्यापलीकडे ने. आगीचं वर्ष आहे."

"चित्रात तसं कुठं आहे गं?" सशीण म्हणाली. "चित्रात तर घोडा नाचतोय. तीन वर्षांपूर्वी पाणी-सशाचं वर्ष होतं, आठवतं? चित्रातला ससा टेकाडावर बसला होता. मी टेकाडावर राहायला गेले आणि पुरातून वाचले. कातळ कधी खोटं सांगत नाही."

ते टेकाड केवळ शोभेला म्हणून मोराने पसंत केले होते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. खारीलाही ते ठाऊक नव्हते. तिने आणखी दोनदा विनवले. "ज्या हाताने फुलं काढलीस, त्याच हाताने मला भीती दाखवतेस होय?" सशीण म्हणाली, तेव्हा खार मागे फिरली.

वैशाखात एका दुपारी वारा सुटला आणि खालच्या उतारावर धूर दिसला. खार फांद्या ओलांडत, ओरडत गवताच्या कडेला पोचली, तोवर ज्वाळा तिच्या पुढे होत्या. सशिणीने एक पिल्लू तोंडात धरून नाला ओलांडला, ते खडकामागे ठेवले आणि ती परत फिरली. पण परत जायला गवतच उरले नव्हते. दुसऱ्या बाजूने खार आत घुसली होती. ती रिकाम्या तोंडाने बाहेर आली. तिच्या शेपटीवर एकही केस राहिला नव्हता.

तीन दिवसांनी राख निवली. उरलेली जनावरे पाणवठ्यावर जमली. धग लागून कातळावरचे थर पोपड्यांसारखे गळून पडले होते, साठच्या साठ. सर्वांत खाली, दगडाला चिकटून, सगळ्यांत पहिले चित्र शिल्लक होते : दोन पायांवर नाचणारा घोडा, आणि आयाळीत पळसाची फुले.

 मग खार म्हणाली, "आजोबा, हेही तुम्हीच निवडलं होतंत?"

"हो," कासव म्हणाले.

"आणि त्या वर्षी काय झालं होतं?"

कासवाला मान आत घेता आली असती. त्याने घेतली नाही. "पळस फुलला होता, ते खोटं नव्हतं. मग तो जळाला. मी चिखलात होतो म्हणून राहिलो. नंतर जे कुणी आले, त्यांना ते दुःख सांगून काय मिळणार होतं, असं वाटलं मला."

"त्यांना नाल्यापलीकडे जाता आलं असतं," खार म्हणाली.

सशीण तिथेच उभी होती.  उरलेल्या पिल्लाला पुढे घालून ती निघून गेली.

पाऊस आला, गवत उगवले, वाढले आणि पुन्हा वाळले. करकोचे परत निघाले. जाताना ते म्हणाले, "आग-शेळी. आगीचं दुसरं वर्ष."

पंच बसले. वानर घसा साफ करून म्हणाला, "यंदा काहीतरी प्रसन्न हवं. पोरांनी फार सोसलंय."

"शेळीच्या गळ्यात हार छान दिसेल," मोर म्हणाला. कासवाने मान आत घेतली. नाही म्हणायलासुद्धा त्याने तोंड उघडले नाही.

खार उठली. तिच्यापाशी कुंचला उरला नव्हता. जळालेल्या सागाच्या बुंध्यातून तिने कोळशाचा तुकडा काढला, पंजात घट्ट धरला आणि ती कातळावर चढली.

"अगं ए! अजून निवड व्हायचीय!" मोर ओरडला.

ती थांबली नाही. ओबडधोबड रेघांनी तिने नाला काढला, अलीकडे आग काढली आणि पलीकडे शेळी. आधीच्या चित्रांसारखे ते देखणे नव्हते. पण कुठून कुठे जायचे, ते त्यात लांबूनही दिसत होते.

संध्याकाळी सशीण पाण्यावर आली. सोबत तिचे आता मोठे झालेले पिल्लू होते. ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. "मागच्या वर्षी तू तोंडाने सांगत होतीस," ती हळूच म्हणाली, "आणि मी कातळाकडे बघत होते."

"कोळसा मागच्या वर्षीही होता, ताई," खार म्हणाली. "मी निवडीची वाट बघत बसले."

 पिल्लाला घेऊन सशीण नाला उतरली आणि पलीकडच्या काठावर दिसेनाशी झाली. अलीकडच्या गवतात त्या संध्याकाळी वारा सुटला होता.

तात्पर्य : ज्यांनी संकट पाहिले आहे तेच ते फुलांनी झाकत असतील, तर ज्याला खरे दिसते त्याने त्यांच्या परवानगीची वाट पाहू नये.