तिळूचं दार आणि खडकाची दाढी

या गोष्टीसारखी गोष्ट साऱ्या वेंगुर्ल्यात कुणाला सांगता येत नाही. सांगणाऱ्यालाही येत नाही. मधेच विसरतो. म्हणून तर तेच तेच पुन्हा सांगावं लागतं!

तर काय झालं...

वेंगुर्ल्यात होती एक खानावळ. गोदाक्काची. खानावळीत होती काचेची पेटी. पेटीत खारं पाणी. पाण्यात खडक. खडकावर पोवळी. लाल पोवळी, पिवळी पोवळी, जांभळी पोवळी. पेटी मांडली अक्काच्या जावयाने. जावई गेला मस्कतला, मासे राहिले अक्काला!

खडकाला होतं एक भोक. भोक म्हणजे दार. दारात राहायची तिळू मासोळी. तिळाएवढी. बरं, तिळाएवढी नाही. शेंगदाण्याएवढी.

आत राहायचा टकल्या. टकल्या म्हणजे एक कोळंबा. नांगी वाजवायचा, टक् टक्! म्हणून टकल्या. डोळ्यांनी अधू, पण कामाला वाघ. टकल्या घर उपसायचा, तिळू दार राखायची. तिळूने शेपटी हलवली की टकल्या आत. असं दोघांचं ठरलेलं.

एकदा तिळू गेली शेजारी. पोवळ्याकडे. म्हणाली, "येते हं पाच मिनिटांत." गप्पा लांबल्या. एक दिवस लांबल्या. दोन दिवस लांबल्या. आईच्या फोनसारख्या लांबल्या!

तिसऱ्या दिवशी तिळू परत आली. सुळुक सुळुक. बघते तर काय?

दार नाही!

खडकाला फुटली होती दाढी. हिरवीगार. लांबच लांब. शेवाळाची दाढी. दाढीने दार झाकलं होतं.

आतून आवाज आला. टक् टक्! टक् टक्!

"तिळू, दार कुठाय गं?"

"थांब हं टकल्या. आत्ता उघडते."

तिळूने दाढी ओढली. हूं! दाढी हलेना. पुन्हा ओढली. हूंऽऽ! तिळूच उताणी पडली.

"दाढी दाढी, बाजूला हो."

"कशाला गं?"

"दार दिसेना.
टकल्या आत, मी बाहेर!"

दाढी डुलली. इकडे डुलली, तिकडे डुलली.

"मी नाही हटणार! इथे आयतं खायला मिळतंय. आधी गोगलमावशी चरू दे, मग मी हटेन."

तिळू निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली गोगलमावशीकडे.

गोगलमावशी पाठीवर शंख घेऊन हिंडायची. हिंडेल तिथे शेवाळ चरायची. चर् चर्, चर् चर्.

"मावशी मावशी, चरायला चल."

"कशाला गं?"

"दाढी हटेना,
दार दिसेना.
टकल्या आत, मी बाहेर!"

"मी नाही चरणार! डोळे आहेत का तुला? मी उताणी पडलेय. शंख खाली, पोट वर. आधी खेकडेमामा उठून मला सुलटं करू दे, मग मी चरेन."

तिळू निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली खेकडेमामाकडे.

खेकडेमामा बसला होता जेवायला. पुढ्यात खाण्याचा ढीग. मामा खातोय, ढीग वाढतोय. मामा खातोय, ढीग वाढतोय.

"मामा मामा, जरा उठा."

"कशाला गं?"

"मावशी चरेना,
दाढी हटेना,
दार दिसेना.
टकल्या आत, मी बाहेर!"

"मी नाही उठणार! ती पाटी वाच."

काचेबाहेर भिंतीवर पाटी होती. अक्काने लावलेली. 'पानात टाकून उठू नये.' मामाला वाचता येत होतं. सांगणाऱ्यापेक्षा बरं येत होतं.

"पान संपल्याशिवाय उठायचं नाही. आणि हे पान काही संपत नाही. आधी पंपकाका फुंकू दे, ढीग उडू दे, मग मी उठेन." मामाने ढेकर दिली. बुडुक!

तिळू निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली पंपकाकाकडे.

पंपकाका कोपऱ्यात राहायचा. पाण्यात वारा सोडायचा. घुर्रर्र! आज नुसतंच फुस्स. फुस्स. फुस्स.

"काका काका, जोरात फुंका."

"कशाला गं?"

"मामा उठेना,
मावशी चरेना,
दाढी हटेना,
दार दिसेना.
टकल्या आत, मी बाहेर!"

"मी नाही फुंकणार! नाक बघ माझं. चोंदलंय. सगळा गाळ नाकात. हॅक् छी! आधी जाळीताई गाळू दे, मग मी फुंकेन."

(वाचणाऱ्या बाबांनी आता पाणी प्यावं. अजून लांब जायचंय.)

तिळू निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली जाळीताईकडे.

जाळीताई पाणी गाळायची. घाण आत, पाणी बाहेर. आज ती तट्ट फुगली होती. पोळीसारखी! छे, पोळी फुगली तर अक्का टाळ्या वाजवते. ही फुगली होती गादीसारखी.

"ताई ताई, पाणी गाळ ना."

"कशाला गं?"

"पंप फुंकेना,
मामा उठेना,
मावशी चरेना,
दाढी हटेना,
दार दिसेना.
टकल्या आत, मी बाहेर!"

"मी नाही गाळणार! पोटात जागा कुठाय? वरून येतंय, येतंय, येतंच राहतंय. आधी गोदाक्काची चिमूट थांबू दे, मग मी गाळेन."

तेवढ्यात खडकातून आवाज आला. टक्.

एकदाच. तोही बारीक.

तिळू गर्रकन वळली. ती निघाली. सुळुक सुळुक सुळुक सुळुक! गेली थेट काचेपाशी.

काचेपलीकडे गोदाक्का. एवढी मोठी! हातात खाऊचा डबा.

गोदाक्काचा नियम साधा. खानावळीतून कुणी उपाशी जायचं नाही. माणूस नाही, मांजर नाही, मासा नाही. सकाळी एक चिमूट. दुपारी एक चिमूट. गिऱ्हाईक आलं, एक चिमूट. गिऱ्हाईक गेलं, एक चिमूट. गिऱ्हाईक आलंच नाही, तर वाईट वाटून दोन चिमटी!

तिळू ओरडली,

"जाळी गाळेना,
पंप फुंकेना,
मामा उठेना,
मावशी चरेना,
दाढी हटेना,
दार दिसेना.
टकल्या आत, मी बाहेर!"

अक्काला काय ऐकू आलं? काहीच नाही. काचेआड नुसतं तोंड उघडतंय, मिटतंय. बब् बब् बब्.

"अगो माझी बाय ती! भूक लागली होय?" अक्का म्हणाली. आणि टाकली एक चिमूट.

"नको, नको!" तिळू ओरडली. बब् बब्!

"आणखी हवं?" आणखी एक चिमूट.

"अहो अक्का, नको म्हणते ना!" बब् बब् बब् बब्!

"चार दिवसांची उपाशी दिसते गो!" आणि टाकली मोठ्ठी चिमूट.

वरून खाऊ पडतोय. भुरू भुरू, भुरू भुरू. मामाचा ढीग वाढला. ताईचं पोट फुगलं. दाढी खुशीत डुलली.

तिळू दमली. बोलावं, तर चिमूट पडते. न बोलावं, तर टकल्या आत. आता करायचं काय?

तिळूने काचेतून बाहेर बघितलं.

बाहेर जेवत होते पोस्टमन परब. पोट नगाऱ्याएवढं. टपाल वाटायचं सोडून भात चेपत होते. अक्का भाताचं भांडं घेऊन त्यांच्याकडे वळली.

"घ्या हो परब, एवढासाच!"

"नको अक्का, पुरे."

अक्काने वाढला. डाव भरून!

"घ्या हो परब, शेवटचा!"

"नको, नको, खरंच पुरे!"

अक्काने वाढला. दोन डाव!

तिसऱ्यांदा अक्काने डाव उचलला. आता परब काही बोलले नाहीत. तोंड मिटलं गच्च. दोन्ही हात धरले पानावर आडवे. मान हलवली. नाही नाही नाही.

अक्काचा डाव जागच्या जागी थांबला! अक्का हसली आणि मागे फिरली.

"अस्सं होय!" तिळू म्हणाली. मनातल्या मनात हं. तोंड उघडलं तर चिमूट!

अक्का पेटीपाशी आली. डबा उघडला. चिमूट उचलली.

तिळूने तोंड मिटलं गच्च. दोन्ही कल्ल्यांजवळचे पर धरले आडवे. इकडचा असा, तिकडचा तसा. मान हलवायची, तर माशाला मान कुठली? तिळू अख्खीच हलली. नाही नाही नाही.

अक्काचा हात थांबला. तसाच. हवेत.

"अगोबाई! ही तर पुरे म्हणते! परब, बघा हो, बघा! अगदी तुमच्यासारखी!"

परबांनी बघितलं. नुसती मान डोलावली. तोंडात भात होता.

अक्काने डबा मिटला. खट्! मग पेटीत नीट डोकावली.

"अगो, किती हे खरकटं! माझ्या खानावळीत खरकटं?"

अक्काने पदर खोचला. जाळीताईला बाहेर काढलं. खळखळ धुतलं. पिळलं. पुन्हा बसवलं. त्या दिवसापासून दिवसाला एकच चिमूट. तीही बारीक.

मग काय विचारता!

अक्का थांबली.
जाळीताईने पाणी गाळलं. झिर् झिर्.
पंपकाकाचं नाक मोकळं झालं. हॅक् छी! घुर्रर्र!
मामाचा ढीग उडाला. पान लख्ख! मामा उठला. कंबर धरून उठला.
मामाने मावशीला दिली एक ढुशी. धप्प! मावशी सुलटी.
मावशी चरली. चर् चर्, चर् चर्. एक दिवस चरली, दोन दिवस चरली, तीन दिवस चरली.
दाढी ओरडली, "अगं अगं, मिशी तरी ठेव!" मावशीने मिशीही खाल्ली!
दाढी हटली.
दार दिसलं!

तिळू आली दारापाशी. सुळुक सुळुक.

"टकल्या?"

आतून आवाज नाही.

"टकल्या, ए टकल्या!"

आवाज नाही.

"टकल्या रे..."

टक्!

टक् टक्! टक् टक् टक्!

आला, आला, टकल्या आला! आधी मिश्या आल्या. मग नांगी आली. मग सगळा टकल्या आला. तिळूने हुश्श केलं. एवढं मोठ्ठं हुश्श, की पेटीभर बुडबुडे झाले. बुड् बुड् बुड् बुड्!

"टकल्या, अरे काय सांगू तुला! मी दाढीकडे गेले. मी मावशीकडे गेले. मी मामाकडे गेले. काकाकडे गेले. ताईकडे गेले. अक्कापर्यंत गेले! सगळ्यांना हलवलं. सगळा खाऊ थांबवला. तेव्हा कुठे दार उघडलं!"

टकल्याने सगळं ऐकून घेतलं. मिश्या हलवल्या. तिळूला चाचपलं. पुढून चाचपलं, मागून चाचपलं. मग म्हणाला,

"एवढी फिरलीस, तर मला खाऊ काय आणलास?"