फुलदाणीला लागलेलं बोट

समुद्राचं पाणी गोड होतं, त्या काळातली गोष्ट. धाकू तांडेलाने गलबतातून एक चिनी फुलदाणी आणली आणि ओटीवरच्या कोनाड्यात ठेवली. ती इतकी पांढरीशुभ्र, की मांजर दूध समजून तासन् तास तिच्यापुढे बसायचं.

दसऱ्याला घरातल्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकवाचं बोट लागायचं. त्याशिवाय नवी वस्तू वापरायची नाही, अशी रीत. धाकूची बायको चांगुणा दरवर्षी फुलदाणीपाशी येऊन थबकायची. "नको बाई, एवढ्या पांढऱ्या अंगाला डाग पडायचा!" फुलदाणी सुखावायची. फुलं मात्र तांब्यात जायची.

"रिकाम्या पोटी किती वर्षं मिरवणार?" ओटीच्या कोपऱ्यातल्या, मसाला वाटायच्या पाट्याने एकदा विचारलं. "येणारेजाणारे तुला बघतात. घरचं कोणी हात तरी लावतं का?"

पांढरेपण गेलं तर आपल्याकडे उरेल काय, हीच फुलदाणीची धास्ती.

पुढच्या दसऱ्याला चांगुणाचं बोट पुन्हा थबकलं, तेव्हा फुलदाणी जीव मुठीत धरून स्वतःच पुढे सरकली आणि बोटाला टेकली. खोटं वाटत असेल तर पाट्याला विचारा.

"अगं बाई, डाग पडला की!" सोनं द्यायला आलेली शेजारीण हळहळली.

"डाग कसला? घरचीच आहे ती," म्हणत चांगुणाने तिच्यात पाणी ओतलं आणि झेंडूची फुलं खोचली.