झिरे खणणारी कोल्हीण

एका जंगलात एक कोल्हीण राहत असे, आणि तिला नदीची वाळू उकरण्याचे वेड होते. साधेसुधे नव्हे हं मुलांनो, अगदी जगावेगळे! नदी भरून वाहत असली तरी ही आपली काठावरची वाळू हुंगायची आणि पंजांनी खड्डे खणायची. खड्ड्याच्या तळाशी गार पाणी पाझरू लागले की तिला जो आनंद व्हायचा, तो काही विचारू नका. असा पाण्याचा खड्डा म्हणजे झिरा. वाळूखाली खडक कुठे आहे, ओल कुठे टिकते, हे ती नुसत्या वासावरून ओळखायला शिकत होती. दहा खड्ड्यांतले सात कोरडेच निघायचे, पण ही पठ्ठी हटायची नाही.

त्या जंगलातल्या कोल्ह्यांची एक रीत होती. रोज सकाळी वाघाच्या गुहेपुढे जायचे, शेपूट खाली घालून मुजरा करायचा आणि त्याने टाकलेली हाडे चघळायची. सलग तीन दिवस जो मुजरा चुकवील, त्याला टोळीतून हाकलून द्यायचे. खणण्याच्या नादात कोल्हिणीचे तीन दिवस कसे गेले, तिला कळलेच नाही. चौथ्या दिवशी टोळीचा म्हातारा म्होरक्या तणतणत आला. "अगं, शेजारी नदी वाहतेय आणि तू खड्डे कसले खणतेस! हे खूळ सोड आणि मुजऱ्याला चल. नाहीतर आजपासून तू आमची कुणी नाहीस."

एकटी कोल्हीण जंगलात किती दिवस जगणार? पण पंजे काही थांबेनात. ती म्हणाली, "आजोबा, मुजरा करताना माझा जीव गुदमरतो आणि वाळू उकरताना मोकळा होतो. मी नाही येणार. काय करायचं ते करा!" झाले! टोळीने तिला वाळीत टाकले. ती खेकडे आणि बोरे खाऊन दिवस काढू लागली. कधी उपाशी झोपायची, कधी एकटेपणाने तिला रडूही यायचे. खणणे मात्र तिने एक दिवस सोडले नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळा असा काही तापला की नदी पार आटली. शेवटचे डबके वाघाने स्वतःसाठी राखले आणि कोल्ह्यांना पहाऱ्यावर बसवले, पण तेही चार दिवसांत सुकले. इकडे कोल्हिणीच्या झिऱ्यांना मात्र पाणी होते! हरणे आली, मोर आले, रानडुकरे आली, आणि एके दिवशी जीभ बाहेर काढून धापा टाकत वाघही आला. मागे सगळी टोळी.

वाघ म्हणाला, "ए कोल्हिणी, उद्यापासून तू माझ्या गुहेच्या दारात झिरा खणायचा. तो फक्त माझा. बदल्यात शिकारीतला पहिला वाटा तुला."

"हो म्हण, हो म्हण!" म्होरक्या लगबगीने म्हणाला. "टोळीतही परत घेतो तुला!"

कोल्हीण म्हणाली, "गुहेच्या दारात नुसता खडक आहे, महाराज. आणि पाणी असतं तरी मी तिथं खणलं नसतं. मी खणते ते मला आवडतं म्हणून, कुणाचा हुकूम झाला म्हणून नाही. तहान लागली असेल तर इथंच प्या. इथं कुणालाच मनाई नाही."

वाघ गुरगुरला. कोल्हीण मागे सरली नाही. हिला फाडली तर नवे झिरे कोण खणणार, हे वाघालाही कळत होते. झिरा अरुंद आणि खोल. त्यातले पाणी प्यायचे तर पुढचे गुडघे टेकून मान पार खाली घालावी लागते. सगळ्या जंगलादेखत वाघाने गुडघे टेकले. आणि कोल्हीण? ती बघायलाही थांबली नाही. पुढच्या वळणावर तिला ओल्या वाळूचा वास आला होता.

तात्पर्य : ज्या कामात आपला जीव रमतो, ते कुणाच्या बोलण्याला किंवा धाकाला भिऊन सोडू नये, त्यात मनापासून झिजणाऱ्याला यश मिळते आणि कुणापुढे मानही वाकवावी लागत नाही.