एक्केचाळीस विझलेल्या शेगड्या

‘...पण एक्केचाळीस माणसं एकच खोटं कशाला बोलतील, राजशेखर?’

अप्पाजींनी हे विचारलं तेव्हा ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होते. मठाचे स्वामी असले तरी सकाळची भाजी निवडायची ती त्यांनीच. मी इथं कोठी सांभाळतो, म्हणून मला हे रोज दिसतं.

समोर राजशेखर तोडकर उभे होते. याच मठाच्या वसतिगृहात राहून शिकले, इंजिनिअर झाले, इचलकरंजीला कारखाना काढला. आणि या दसऱ्याला त्यांनी स्वतः घडवलेली शेगडी बाजारात आणली.

शेगडी म्हणजे साधी नव्हे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटभर कांड्या तिच्या पोटात भरायच्या. आत एक स्क्रू फिरतो, कांड्या एकेक करून छोट्या वाटीत पडतात, वाटीच्या भोकांतून पंखा वारा घालतो. फुंकणी नको, धूर नाही. वर भांडं ठेवा, नाहीतर जाळी टाकून वांगी भाजा.

चौसष्ट शेगड्या खपल्या. त्यातल्या एक्केचाळीस पहिल्याच दिवशी विझल्या, त्या विझल्याच.

पासष्टावी तोडकरांनी मठाला अर्पण करायला आणली होती. तिच्याबरोबर बगलेत पत्रांचा एक गठ्ठाही होता.

‘खोटं बोलायला कारण आहे, अप्पाजी. वॉरंटी. वाटीच्या भोकांत काळी चिकट खरवड बसलेली असते. काहीतरी पडल्याशिवाय ती येत नाही. मी स्वतः प्रत्येकाला फोन केला. शेगडीवर काही सांडलं का? तर म्हणे, नाही.’

‘सगळे?’

‘एकूण एक.’

‘एका गावचे आहेत?’

‘कुठले! चंदगडपासून मिरजेपर्यंत पसरलेत.’

‘एकमेकांना ओळखतात?’

‘कसे ओळखतील?’

अप्पाजींनी एक शेंग मोडली.

‘एवढं एकमत आमच्या विश्वस्तांतसुद्धा नाही.’

मी हसलो. तोडकर हसले नाहीत.

‘आणि हॉटेलवाल्यांकडच्या तेवीस बघा. एकही बंद पडली नाही. घरगुती तेवढ्या विझल्या. याचा अर्थ काय होतो? यंत्र चांगलं आहे, वापरणाऱ्याला अक्कल नाही.’

‘हं...’

‘अकरा महिने चाचणी घेतली मी. वीस लिटरचं पातेलं ठेवलं. भर पावसात लावली. समोरून मोठा पंखा सोडला. वर हत्ती उभा करायचा तेवढा राहिला.’

माणूस हुशार, यात शंका नाही. पण हुशार माणूस स्वतःच्या हुशारीवर बैठक मारून बसला की त्याला उठवणं अवघड असतं.

‘त्या गठ्ठ्यात काय आहे?’

तोडकरांनी वरचं पत्र काढून वाचलं. ‘आपल्या शेगडीत द्रव पदार्थ सांडल्याचे व आपण सदर माहिती लपवल्याचे निदर्शनास आले आहे. सबब वॉरंटी लागू होणार नाही.’

मग म्हणाले, ‘तुमचा आशीर्वाद घ्यायचा आणि जाताना गडहिंग्लजच्या पोस्टात टाकायची, असं ठरवून आलोय.’

‘वरचं कुणाचं आहे?’

‘कौलग्याच्या अंबुताई गुरव. कॉलेजच्या मुलींना डबे देतात.’

‘त्यांचं आता कसं चाललंय?’

तोडकर जरा घुटमळले.

‘माझी शेगडी आली म्हणून त्यांनी जुनी चूल फोडून टाकली. आता शेजारणीच्या चुलीवर भाकऱ्या करतात. रोज फोन असतो. काल म्हणाल्या, देवाशपथ सांगते, काही सांडलं नाही.’

‘मग तू काय म्हणालास?’

‘म्हटलं, बाई, देवाला मध्ये आणू नका.’

अप्पाजींचा हात थांबला. हातातली शेंग त्यांनी तशीच परातीत ठेवली.

‘...शेगडी लाव,’ ते म्हणाले.

‘आत्ता?’

‘आणलीस ना मठाला? लाव.’

इरव्वा याचीच वाट बघत होती. तीस वर्षं मठाचा स्वयंपाक तिच्या हातावर चालला आहे. सकाळपासून ती त्या शेगडीभोवती नव्या सुनेला न्याहाळावं तशी फिरत होती. तिनं जागा सारवून घेतली, विभूतीची बोटं ओढली, हळदकुंकू वाहिलं आणि पितळेच्या पातेल्यात दूध आणून दिलं.

‘तुमीच ठेवा,’ ती तोडकरांना म्हणाली. ‘शेगडी तुमची, पयला मान बी तुमचा.’

तोडकरांनी कांड्या भरल्या. बटण दाबलं. पंखा घुमू लागला आणि दोन मिनिटांत वाटीतून जाळ उभा राहिला.

खरं सांगतो, बघत राहावं असा जाळ होता. सरळ, पिवळा, न फडफडणारा. इरव्वा वाकली, शेगडीच्या मागे बघितलं, पुन्हा पुढे आली.

‘धूर कुटं हाय वं?’

‘नाहीच,’ तोडकर म्हणाले.

‘न्हाईच?’

तीस वर्षं धुरानं लाल झालेले डोळे तिनं पदरानं पुसले. तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसले. तोडकरांचा चेहरा त्या क्षणी शाळेत पहिल्या आलेल्या पोरासारखा झाला होता, आणि तो मान त्यांचाच होता. असली वस्तू करायला डोकं लागतं आणि त्याहून जास्त कळकळ लागते.

दूध तापलं. कडेला बुडबुडे धरले. साय फुगून वर येऊ लागली.

‘उगवतीला जाऊ दे,’ इरव्वा हळूच म्हणाली.

तोडकरांनी फडकं घेतलं आणि दोन बोटांनी पातेलं पूर्वेला किंचित कलतं केलं.

दूध काठावर आलं, थबकलं आणि उतू गेलं.

इरव्वानं हात जोडले. मी जोडले. अप्पाजींनी जोडले. तोडकरांनी तर डोळे मिटून जोडले, आणि त्यांचे ओठही काही पुटपुटत होते.

चर्र... झालं.

जाळ खाली बसला. निळा झाला. दोनदा खोकल्यासारखा वर आला आणि गेला. मग धूर आला, चांगला गच्च धूर. मोकळा पंखा तेवढा घुमत राहिला.

‘अरे?’

तोडकरांनी पातेलं बाजूला ठेवलं आणि जमिनीवर बसकण मारली. एक कांडी मोडून पाहिली. कोरडी होती. पंख्यापुढे तळवा धरला. वारा येत होता. कान लावून स्क्रू ऐकला. फिरत होता. मघाचा तावातावानं बोलणारा माणूस कुठल्या कुठे गेला. आता होते ते फक्त कारागिराचे हात. फडक्यानं धरून त्यांनी राखेचा खण ओढला आणि चिमट्यानं वाटी बाहेर काढली.

अप्पाजींनी ओट्यावरूनच विचारलं, ‘काही सांडलं का?’

‘नाही,’ तोडकर म्हणाले.

सहज म्हणाले. वाटीची भोकं निरखता निरखता म्हणाले.

...

मग त्यांचा हात जागच्या जागी राहिला.

वाटीच्या कडेला पांढरा फेस अजून फसफसत होता. खाली भोकाभोकांत तो तपकिरी होत होता, आणि अगदी तळाशी काळा.

तोडकरांनी वाटीकडे बघितलं. पातेल्याकडे बघितलं. आपल्या दोन बोटांकडे बघितलं.

इरव्वानं तोंडाला पदर लावला. माझ्याही जिभेवर एक वाक्य आलं होतं, चांगलं होतं, पण अप्पाजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी ते गिळलं.

तोडकरांनी हात लांब करून पंखा बंद केला.

‘हॉटेलात कुणी दूध उतू घालत नाही,’ ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी खिशातून फोन काढला. हात दुधानं आणि काजळीनं बरबटलेले, म्हणून फोन जमिनीवर ठेवला आणि कोपरानं कसंबसं दाबून मोठा आवाज लावला. पलीकडचं बोलणं सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू येत होतं.

‘अंबुताई, मी तोडकर बोलतोय. शेगडीवाला.’

‘बोला.’ आवाजात राग राहिला नव्हता, नुसता थकवा होता.

‘पहिल्या दिवशी... शेगडीवर दूध उतू घातलं होतं का?’

‘घातलं की. नवी चूल म्हटल्यावर कोण घालत न्हाई?’

‘मग मी विचारलं, काही सांडलं का, तेव्हा...’

‘साहेब, त्ये सांडणं व्हय?’

तोडकरांनी मान खाली घातली.

‘नाही ताई,’ ते म्हणाले. ‘ते सांडणं नव्हे. माझं चुकलं. तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला खोटं ठरवलं. तुम्ही देवाची शपथ घेतली तीही मी मानली नाही. मला माफ करा.’

‘...आवो, असं काय बोलताय,’ अंबुताई म्हणाल्या. आणि मग, ‘शेगडी तेवढी चालू करून द्या. पोरींच्या परीक्षा आल्यात, शेजारणीला किती दिस त्रास देऊ?’

या मठात मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली आहेत. कुणी फरशी देतं, कुणी पंखा देतं आणि पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव घालतं. चारचौघांत, आचारणीसमोर, कोठीवाल्यासमोर ‘माझं चुकलं’ म्हणणारा मोठा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. मला तो फार आवडला, हे सांगून टाकतो.

पण इंजिनिअर तो इंजिनिअरच. फोन ठेवला न ठेवला, तोच म्हणतो कसा, ‘सोपं आहे, अप्पाजी. माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर लाल अक्षरांत छापतो. या शेगडीवर दूध उतू घालू नये.’

अप्पाजींनी शेंगांची परात पुन्हा पुढे ओढली.

बोलली ती इरव्वा.

‘मग ही तुमी माघारी न्या,’ ती म्हणाली. ‘जिच्यावर दूध उतू घालायचं न्हाई, ती मला घरात नको. माझा धूर बरा.’

तोडकर तिच्याकडे बघत राहिले. धुरानं तीस वर्षं छळलेली बाई धूर बरा म्हणत होती.

‘...बरोबर आहे,’ ते म्हणाले.

आणि तिथंच, जमिनीवर, त्यांनी बोट हळदीत बुडवलं आणि सारवलेल्या जागेवर आकृती काढायला लागले. वाटीच्या वरच्या अंगाला पत्र्याची उतरती कडा. तिच्याखाली एक पन्हळ. दूध पन्हळीतून बाजूच्या तबकात. जाळाला धक्का नाही.

‘कडा पूर्वेला थोडी खोल ठेवतो,’ ते म्हणाले.

‘आन् ज्येच्या घरात शेगडीचं तोंड दक्षिणेकडं येईल त्येचं?’ इरव्वानं विचारलं.

तोडकर थांबले. हळदीची ती आकृती त्यांनी तळव्यानं पुसली आणि सगळीकडून सारखी, गोल काढली.

इरव्वानं खाली बसून ती नीट पाहिली. मग आणखी एक बोट हळदीत बुडवून तबक जरा मोठं करून दिलं.

‘एवडं तरी पायजे,’ ती म्हणाली. ‘पयल्या दिवशी कुणी हात आखडता घेत न्हाई.’

‘आठ दिवसांत एक्केचाळीस नव्या वाट्या करतो,’ तोडकर म्हणाले. ‘हॉटेलवाल्यांच्या तेवीसही बदलतो. त्यांनी तक्रार केली नाही, पण उद्या तीच शेगडी कुणाच्या घरी जाईल. आणि अंबुताईंची आज रात्री कारखान्यात बसून करतो, उद्या पोचवतो.’

अप्पाजींनी मान डोलावली. शिष्याकडे बघताना त्यांचा चेहरा असा उजळलेला मी क्वचित पाहिला आहे.

तोडकरांनी हात धुतले. मग तो पत्रांचा गठ्ठा दिसला आणि त्यांचा चेहरा पडला. गठ्ठा उचलून त्यांनी माझ्याकडे दिला. ‘बंबात घाला,’ म्हणाले.

माझ्याकडून कोरा कागद घेतला. ओट्याला टेकून लिहायला बसले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी वाचून दाखवलं.

‘सप्रेम नमस्कार. आमच्या उत्पादनाच्या रचनेत एक त्रुटी राहिल्याचे आमच्या लक्षात आले असून, त्यामुळे आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. सदर त्रुटी दूर करण्यासाठी...’

‘आणखी किती आहे?’ अप्पाजींनी विचारलं.

‘दीड पान.’

अप्पाजींनी परातीतली आणखी एक शेंग उचलली.

‘लांबलं का?’

अप्पाजी शेंगा मोडत होते.

तोडकरांनी कागद घडी करून खिशात घातला. दुसरा घेतला. पेन उघडं धरून बसले. एक ओळ लिहिली, तीही खोडली. काय लिहावं ते त्यांना खरोखरच सुचत नव्हतं. एक्केचाळीस घरं होती, आणि त्या सगळ्या घरांतल्या बायकांना त्यांनी खोटं ठरवलं होतं.

‘अप्पाजी,’ अखेर ते म्हणाले, ‘तुम्हीच सांगा. मी नुसता लिहून घेतो.’

अप्पाजींनी शेवटची शेंग मोडली. परात इरव्वाकडे सरकवली. हात झटकले.

‘लिही,’ ते म्हणाले. ‘नवी वाटी घेऊन मी स्वतः येतोय. दूध उतू जाईपर्यंत थांबेन.’