अण्णांचा ठिपका

“…मग आता शिकायचं राहिलंय काय, अण्णा?”

धन्यकुमारने हे विचारलं तेव्हा कलगोंडा अण्णा उकिडवे बसून एका मोडक्या मागाचे नटबोल्ट सोडवत होते. इचलकरंजीत चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे बिघडलेले माग दुरुस्त केले. आता भंगारात निघालेल्या मागांचं लाकूड आणि बेअरिंगं घेऊन ते स्केट्स बनवत. पायाखाली फळी, फळीला चार बेअरिंगं, त्यांवर जुन्या टायरची पट्टी. झालं चाक.

जोडी पसंत पडली की अण्णा तिच्या तळाशी हातोडीने एक ठिपका ठोकत. तो त्यांचा ठसा. तो नसलेली स्केट गल्लीत कुणी पायात घालत नसे.

दोन वर्षं शिकून धन्यकुमारने आज स्वतःची पहिली जोडी आणली होती. ठसा आजच मिळणार, असं त्याने आईला सांगितलं होतं, चहाच्या गाड्यावर सांगितलं होतं आणि कुणी विचारलं नव्हतं तिथेही सांगितलं होतं. गडी गुडघ्याला बाशिंग बांधूनच आला होता.

जोडी खरंच देखणी होती. उगाच कशाला नाकारा?

त्याने स्केट उलटी धरली आणि बोटाने चाकाला टिचकी मारली. चाक गरगर फिरू लागलं. अण्णांनी तंबाखू काढली, चुना लावला, मळली, तोंडात टाकली. चाक फिरतच होतं.

मग त्याने कोपऱ्यातली अण्णांची जुनी स्केट घेतली आणि तिलाही तशीच टिचकी मारली. चाक दोन फेरे फिरलं आणि थांबलं.

“तुमचं थांबलं, अण्णा,” तो फार नम्रपणे म्हणाला. एवढी नम्रता त्याला एरवी जमत नसे.

“तुझं कसं काय फिरतंय रं?”

“बेअरिंगं रॉकेलात तीनदा धुतली. आतलं ग्रीस पार काढून टाकलं. चिकटपणा ठेवलाच नाही.”

…

अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला.

“एका पायात तुझी घाल. एका पायात माझी. गल्लीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून ये.”

धन्यकुमारने डाव्या पायात स्वतःची बांधली, उजव्यात अण्णांची, आणि ऐटीत निघाला. आठ-दहा हात बरा गेला. मग अंगाचा भार पडलेली डावी चाकं किंचाळायला लागली. दोन्ही बाजूंना माग खटखटत होते, तरी ते किंचाळणं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. कारखान्यांच्या दारांत माणसं आली. कुत्री उठली.

उजवा पाय गुपचूप पळत होता आणि डावा जागीच अडत होता. त्यामुळे धन्यकुमार टाकीकडे न जाता डावीकडे वळला, आणखी वळला, पुरता वळला आणि तीन कुत्र्यांसह परत अण्णांच्याच दिशेने आला. थांबणं त्याच्या हातात उरलं नव्हतं.

तो अण्णांसमोर पालथा पडला. दोन्ही हात पुढे, कपाळ त्यांच्या पायांशी.

“पोचला नमस्कार,” अण्णा म्हणाले.

धन्यकुमार उठून बसला. त्याने डाव्या स्केटच्या चाकाला हात लावला आणि चटका बसून झटकला. उजव्या स्केटच्या चाकाला लावला. ते थंड होतं आणि बोटाला ग्रीस लागलं. त्याला मनापासून लाज वाटली. मग दारातली माणसं हसताना दिसली आणि काय झालं कोण जाणे, त्यालाही हसू फुटलं. कितीतरी वेळ तो डोळे पुसत हसत राहिला. कुत्री कंटाळून निघून गेली.

हसू ओसरल्यावर त्याने डावी स्केट सोडली आणि मांडीवर घेतली. आता त्याचा आवाज लहान झाला होता.

“ठसा… कधी मिळेल, अण्णा?”

…

अण्णांनी बाकाखालून ग्रीसचा डबा ओढला. त्यात बोट बुडवलं आणि धन्यकुमारच्या कपाळाच्या मधोमध एक काळा ठिपका लावला. मग डबा त्याच्या पुढ्यात सरकवला.

“हा घे तुझा ठसा. उरलेलं चाकांना लाव.”